खणांचं कपाट

दुकानात लोखंडी रॅक आणि काचेचं काउंटर बसवायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण आली ती जुन्या कपाटाची.

शिरूर कासारच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी ते सुरू केलं, सासऱ्यांनी चाळीस वर्षं चालवलं आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर माझ्या नवऱ्याच्या हाती सोपवलं. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात दुकानाला नवं रूप द्यायचं मनावर घेतलं. नव्या मांडणीत सगळं बसत होतं, फक्त मागच्या भिंतीला टेकलेलं ते कपाट बसत नव्हतं. साडेसात फूट उंच, सहा फूट रुंद. वर दोन मोठी दारं, खाली चोळीच्या खणांसाठी बारा लहान लहान ड्रॉवर, आणि दोन्हींच्या मध्ये वीतभर रुंद फळी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दसरा झाला की खण घ्यायला यायच्या, तेव्हा ते बाराही ड्रॉवर एकदम उघडे असायचे, असं सासूबाई सांगतात. मी लग्न होऊन आले तोवर त्यांत पावतीपुस्तकं, सुतळ्या आणि बंद पडलेली कॅल्क्युलेटरं भरलेली होती.

कपाटाचा रंग निळा होता. निळा म्हणजे कसा, तर सरकारी दवाखान्याच्या दरवाजाला असतो तसा, तेलकट आणि जाड. जुनं सामान घेणारा एक माणूस टेम्पो घेऊन आला, त्याने कपाटावर दोनदा बोटं वाजवली आणि "उद्या उचलतो," म्हणाला. त्याने एवढ्या चटकन होकार दिला की मला शंका आली.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्या दिवशी शाळेतून येताना दुकानात डोकावले होते. कपाटाच्या मधल्या फळीच्या कडेला, कापड मोजायचा लोखंडी गज वर्षानुवर्षं जिथे घासला होता तिथे, रंग उडून गेला होता. आतलं लाकूड दिसत होतं. काळसर, मध्येच तांबूस रेघा असलेलं. मी पदराला थोडं पाणी लावून पुसलं, तर ते जांभळासारखं चमकलं.

"हे विकायचं नाही," मी नवऱ्याला म्हटलं. "हे घरी नेऊ."

नवरा हसला. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. दुकान मुलाकडे दिल्यापासून ते रोज तिथे येऊन बसायचे, पण आत काय चाललंय याकडे मुद्दाम पाठ करून. ते मान न वळवताच म्हणाले, "कावून? कोंबड्या पाळायच्या हायत का त्यात?"

मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण मामांचं माझ्याशी बोलणं "चहा टाक" आणि "पेपर कुठं हाय" यापलीकडे कधी गेलं नव्हतं. रागीट नव्हते ते. बोलायचेच नाहीत. त्यामुळे कोंबड्यांचं वाक्य हे माझ्याशी बोललेलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं म्हटलं तरी चालेल. मला हसू आलं आणि तेवढ्यावर माझा निर्णय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो कपाट आमच्या घरी न्यायला. घर दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे. सहा माणसांनी टेम्पोतून उचललं आणि दारात आणून ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की ते आत जाणारच नाही. उभं जाईना, आडवं जाईना, तिरकं केलं तर कोपरा चौकटीला अडके. शेजारपाजारचे जमले आणि जो तो सूचना करू लागला. एकाने चौकट काढायला सांगितली, एकाने करवत आणू का विचारलं. आत्याबाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसल्या.

मामांनी दुकानातून येऊन सगळा तमाशा पाहिला. काठी टेकत कपाटाच्या मागे गेले, वाकले, आणि म्हणाले, "खिळा न्हाई याला एक बी. खुंट्या हायत. ठोकल्या तर सुटंल."

खरंच होतं. मागून पाहिलं तर सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी बांधलेले होते. हातोडीखाली फडकं धरून एकेक खुंटी बाहेर काढली. तासाभरात कपाटाच्या फळ्या, दारं, खांब आणि ड्रॉवर असे चाळीसेक तुकडे झाले. मी हुशारी करून प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घातला आणि वहीत त्याची आकृती काढून ठेवली. सगळं मागच्या पडवीत नीट रचलं.

पुढच्या रविवारपासून मी रंग काढायला बसले. रंग काढायचं औषध बीडहून मागवलं होतं. तोंडाला ओला रुमाल, हातात रबरी मोजे. औषध लावायचं, थोडा वेळ थांबायचं, रंग फुगून आला की पत्र्याच्या पट्टीने अलगद खरवडायचा. जुन्या तेलरंगाची कोरडी धूळ नाकात जाणं चांगलं नाही, म्हणून पॉलिश पेपर मारायचा तोही ओला करून. पहिल्या रविवारी एक फळी झाली आणि पाठ मोडली.

मामा पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघत होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी खुर्ची थोडी जवळ आणली. तिसऱ्या रविवारी मी निळ्या रंगाखालून हिरवा खरवडत होते, तेव्हा ते म्हणाले, "हा हिरवा मी लावलेला हाय."

मी थांबले.

"धाकटी झाली त्या दिवाळीला. रंगवायला माणूस मिळंना, म्हणून स्वतः लावला. ब्रशाचे केस चिकटून बसले असतील बघ त्यात."

मी निरखून पाहिलं. होते. हिरव्या रंगात दोन काळे केस अडकलेले होते, ब्रशाचे. त्यांना दाखवले तर ते हसले. मी त्यांना आधी कधी दात दिसतील इतकं हसताना पाहिलं नव्हतं. धाकटी म्हणजे माझी नणंद, आता सत्तावीस वर्षांची.

मग त्यांनी माझ्या हातातली पट्टी मागून घेतली. "तू फार जोर लावतीस. दुधावरची साय काढायची हाय, असं समज."

आणि खरंच त्यांच्या हाताखाली रंगाच्या पापुद्र्यांची लांब पट्टी निघाली, आख्खी. कापड फाडताना एका रेषेत टरकन फाडायची चाळीस वर्षांची सवय. त्या हाताला सरळ रेघ माहीत होती.

हिरव्याखाली पिस्ता निघाला. "ते पिवळट? ते माझ्या लग्नाच्या वेळचं. हिच्या घरचे बघायला येणार होते ना, म्हणून वडलांनी दुकान रंगवून घेतलं." आत्याबाई आतून ओरडल्या, "आणि मला तो रंग आवडला नव्हता!" पिस्त्याखाली चॉकलेटी निघाला, तेव्हा मामांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "हा वडलांनी लावला. मी लहान होतो. मी म्हणलं, लाकूड दिसतंय तेच चांगलंय की. तर म्हणले, गिऱ्हाइकाला नवं दिसाया पायजे."

चॉकलेटीच्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे लाकूड होतं. दारं आणि ड्रॉवरांची तोंडं शिसवीची, चौकट आणि फळ्या सागवानाच्या. मामांनी ओल्या फडक्याने दार पुसलं आणि त्या काळ्या-तांबड्या लाटांकडे बघत राहिले. "आयला," ते म्हणाले, आणि सुनेसमोर बोललो हे लक्षात येऊन पटकन विषय बदलला.

असे पाच महिने गेले. शाळेच्या दिवशी मी नसताना मामा एकटेच बसायचे. सकाळी आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा आटोपली, न्याहारी झाली की थेट पडवीत. दुकानाच्या दारातली त्यांची खुर्ची रिकामी राहू लागली. नवरा म्हणाला, "आबा दुकानात येत न्हाईत, बरं वाटत न्हाई का त्यांना?" मी म्हटलं, "बरं वाटतंय म्हणूनच येत नाहीत."

शेवटचा ड्रॉवर साफ झाला त्या दिवशी आम्ही दोघं कपाट जोडायला बसलो, आणि मी आकडे शोधू लागले. आकडे नव्हते. मी खडूने घातलेले आकडे औषधात आणि पाण्यात केव्हाच धुऊन गेले होते. विज्ञान शिकवणारी बाई, आणि खडू पाण्याने पुसला जातो हे डोक्यातच आलं नाही! वहीतली आकृती होती, पण कुठला तुकडा कुठला, याला आता काही आधार नव्हता. बाराही ड्रॉवर दिसायला सारखे, पण दुसऱ्याच्या जागी घातले तर एक घट्ट, एक सैल. आम्ही दोन दिवस खटपट केली. नवरा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "टेम्पोवाल्याचा नंबर हाय माझ्याकडं अजून." मामांनी त्याला काठी दाखवली.

माझं माहेर अंबाजोगाईचं. तिथे वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे सुतार होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हात थरथरतात म्हणून काम सोडलं होतं, पण मी फोनवर शिसवीचं नाव काढल्यावर म्हणाले, "बाई, देखने को तो आ सकता ना मैं." दोन दिवसांनी नातवाच्या गाडीवरून आले. पांढरी दाढी, जाड काचांचा चष्मा, आणि पिशवीत फडक्यात बांधलेली पटाशी. पाणीसुद्धा न घेता पडवीत गेले. एक फळी उचलून वास घेतला, दुसरी उलटी केली, सांध्याची खाच चष्म्याजवळ नेली आणि हसायलाच लागले.

"नंबर कायको ढूंढते? नंबर तो इसमेंच है."

प्रत्येक तुकड्याच्या खाचेत, जिथे रंग कधी पोचलाच नव्हता, पटाशीने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. आम्ही त्या पाहिल्या होत्या, पण हत्यार घसरल्याचे ओरखडे असतील म्हणून सोडून दिल्या होत्या. ते उर्दू आकडे होते. निजामाच्या वेळच्या कुठल्याशा सुताराने फळी आणि खांब, दोन्हींवर एकच आकडा कोरून ठेवला होता, म्हणजे जोडताना चूक नको.

"ये चार. ये देखो, ये भी चार. मिलाओ."

मामांनी चार आणि चार मिळवले. फळी खांबात अशी बसली की 'टक्' असा आवाज आला आणि मधली फट नाहीशी झाली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. लहान पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. मग उस्ताद खुर्चीवर बसून आकडे वाचू लागले आणि आम्ही जोडत गेलो. पाच पाच, सहा सहा. आठचा आकडा उलटा आहे की सरळ यावरून मामांनी उस्तादांशी वाद घातला आणि हरले. दुपारपर्यंत कपाट उभं राहिलं, या वेळी घराच्या आत, बैठकीच्या खोलीत. आत्याबाईंनी ओवाळलं नाही एवढंच, पण हळदीकुंकू मात्र लावलं. उस्ताद म्हणाले, "लगाओ लगाओ, फिर पॉलिश के वक्त पोंछ डालूंगा."

ते आमच्याकडे चार दिवस राहिले. पॉलिश त्यांनी स्वतः केलं नाही, मामांच्या हातून करून घेतलं. आतल्या फळ्यांना जवसाचं तेल, फडक्याने चोळून, जास्तीचं पुसून. बाहेरून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत बांधायचा, त्यात पॉलिश मुरवायचं, आणि तो लाकडावर गोल गोल फिरवत न्यायचा. कुठे थांबायचं नाही. थांबलं की डाग. एक हात वाळला की दुसरा, असे किती हात दिले त्याची मोजदाद राहिली नाही. मामांना पहिल्या दिवशी रडकुंडीला आणलं उस्तादांनी.

"शेठ, बर्तन घासते क्या तुम? घोडे के पीठ पे हाथ फेरते वैसा फेरो."

"मी कधी घोडा पाळला न्हाई, उस्ताद."

"तो बैल के पीठ पे फेरो!"

बैल म्हटल्यावर जमलं. दुपारी दोघं जोडीने जेवायला बसायचे आणि गुडघ्यांविषयी बोलायचे. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप तापून पेट घेतात, म्हणून पसरून वाळत घालायची, असं उस्तादांनी निक्षून सांगितलं. त्यामुळे चार दिवस आत्याबाईंच्या धुतलेल्या लुगड्यांशेजारी दोरीवर तेलकट चिंध्यांची रांग असायची. आत्याबाई म्हणायच्या, "लोक म्हणतील, काय दशा झाली कापडवाल्यांची."

जाताना उस्ताद सांगून गेले की दारांच्या कडा, वरच्या आणि खालच्या, त्याही पॉलिश करा, विसरू नका. मामांनी मान डोलावली.

त्यानंतर मामा त्या कपाटाचे असे राखणदार झाले की घरात वावरायची सोय उरली नाही. पाठ टेकवू नका. बांगड्या घासू नका. ओलं फडकं लावू नका. खिडकीतून ऊन येतं म्हणून त्यांनी जाड पडदा लावून घेतला. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं, आणि वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी बॅटरी घेऊन मागे डोकावायचे. मग एके दिवशी मी शाळेतून आले, तर मधल्या फळीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी ते उचललं. खाली पांढरं गोल वर्तुळ होतं, चहाच्या पेल्याएवढं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

मामा पेपर वाचत होते. पेपर चेहऱ्यासमोरून हलला नाही. "बघ बाई, कोण आलतं काय की."

आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण येतंय? पेपर वाचता वाचता गरम पेला स्वतःच ठेवला, आणि मला म्हणले, सूनबाईला सांगू नको."

पेपर हळूहळू खाली आला. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग तेही हसले आणि आत्याबाई तर पदर तोंडाला लावून बाहेरच आल्या. लाख उष्णतेने आणि ओलीने पांढरी पडते, पण ते डाग बहुतेक वरच्या थरातच असतात. मी बोळ्याला नावापुरतं स्पिरिट लावलं आणि वर्तुळावरून पाखरासारखा हात नेला, न टेकवल्यासारखा. चारपाच वेळा नेल्यावर वर्तुळ विरून गेलं. मामांनी बोटाने चाचपून पाहिलं. "मला शिकीव हे," ते म्हणाले. "परत होणारच हाय माझ्याकडून."

पुढच्या श्रावणात धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा गेवराईचा, चांगल्या घरचा. साखरपुडा आमच्याकडेच करायचा होता. आत्याबाईंनी सगळं एका जागी असावं म्हणून साखरपुड्याचं सगळं सामान कपाटात ठेवलं. नवरदेवाचे कपडे, अंगठी, पाहुण्यांचे आहेर, धाकटीची साडी, स्वतःची पैठणी. आणि त्या आठवड्यात तीन दिवस पावसाची झड लागली. आमच्या कोरड्या तालुक्यात तीन दिवस ओल म्हणजे नवलच. साखरपुड्याच्या सकाळी आत्याबाईंनी किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, आणि दार मात्र उघडलं नाही.

नवऱ्याने ओढलं. नवऱ्याच्या मावसभावाने ओढलं. मूठ हातात येईल असं वाटायला लागलं. धाकटी घरातल्या जुन्या ड्रेसवर, अर्धे केस वर बांधलेले आणि अर्धे मोकळे, अशी येऊन उभी राहिली. तिच्या मागे पार्लरवाली बाई, हातात कंगवा घेऊन. पाहुणे गेवराईहून निघाल्याचा फोन आला.

"पहार आणा," नवरा म्हणाला.

"पहारीला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय!" मामा एवढ्या जोरात ओरडले की नवऱ्याने दाराची मूठच सोडली. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कडा राहिल्या."

"काय?"

"दाराच्या कडा. उस्ताद सांगून गेलते ना. मी म्हणलं, वरून कोण बघतंय. न्हाई केल्या मी."

म्हणजे कोऱ्या कडांतून लाकडाने तीन दिवस ओल पिऊन घेतली होती आणि दार फुगून चौकटीत रुतलं होतं. मी उस्तादांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, कोरडी गरम हवा द्या, घाई करू नका, आणि फटीत काहीतरी पातळ, गुळगुळीत सरकवा.

गरम हवा कुठून आणायची? मी मागे वळले. पार्लरवालीच्या पिशवीतून केस वाळवायच्या ड्रायरची वायर लोंबत होती.

"ताई, द्या हो जरा," मी म्हटलं.

"अहो, पण हिचे केस..."

"दे दे," धाकटी म्हणाली. "साडीच नसंल तर केस काय करायचेत?"

मामा स्टुलावर चढले, गुडघे विसरून. मी खाली स्टूल धरलं. "एका जागी धरू नका, मामा. वीतभर लांब ठेवा. पॉलिश फुगेल." ते दाराच्या वरच्या कडेवरून ड्रायर असा फिरवत होते की जणू त्या दाराचंच लग्न होतं आणि केस वाळवायचे होते. धाकटी म्हणाली, "आबांनी माझं डोकं कधी असं विंचरलं न्हाई," आणि सगळी खोली हसली. पातळ आणि गुळगुळीत काय, याचा शोध चालला होता. शेवटी आत्याबाईंनी मामांच्या गुडघ्याचा एक्स-रे आणला, अंबाजोगाईला काढलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती चोळली आणि मी तो फटीत सरकवला. अर्धा तास हवा, थोडा एक्स-रे, बिजागरीच्या बाजूने तळहाताने हलके धक्के. मग दाराने एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि ते उघडलं. आतून जवसाच्या तेलाचा आणि नव्या कापडाचा वास आला. साड्यांना ओलीचा स्पर्शही झाला नव्हता. मामा स्टुलावरूनच ओरडले, "बघा! आत थेंब न्हाई!" चूक त्यांची होती, पण त्या क्षणी ते असे उभे होते की सगळं श्रेय त्यांचंच.

पाहुणे आले तेव्हा धाकटी नटून तयार होती. फक्त डाव्या बाजूचे केस जरा ओले राहिले होते. साखरपुडा छान झाला. जेवणं झाल्यावर नवरदेवाचे वडील पान खात बैठकीत फिरत होते. कपाटापुढे येऊन थांबले आणि मागे हात बांधून बराच वेळ बघत राहिले. मामा सावकाश त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"शिसवी?" व्याह्यांनी विचारलं.

"दारं शिसवी. बाकी सागवान. खिळा न्हाई एक बी."

"आमच्याकडे एक पलंग हाय," व्याही जरा ओशाळून म्हणाले. "खांबांवर मोर कोरलेत. पण मुलांनी त्याला चंदेरी रंग देऊन टाकला. स्टीलसारखा दिसावा म्हणून."

मामांनी छातीवर हात ठेवला. खरोखरच त्यांना ते सोसलं नसावं. "चंदेरी?" ते म्हणाले. "मोरांना?"

दिवाळीच्या सुट्टीत मामा आणि मी गेवराईच्या एस.टी.त बसलो. लग्नाची यादी ठरवायची, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मामांच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात रंग काढायचं औषध, पत्र्याची पट्टी, जवसाच्या तेलाची बाटली, मलमलीची फडकी आणि माझ्यासाठी एक जोड नवे मोजे. वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं की मोरांच्या पिसांतला रंग पट्टीने निघेल की दात घासायच्या ब्रशाने. मी म्हटलं, ब्रशाने. त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली, आणि म्हणाले, "मऊ का कडक?"

"मऊ," मी म्हटलं.

"मग उतरल्या उतरल्या आधी दुकानात जाऊ," मामा म्हणाले. "दोन घेऊ. तुला एक, मला एक."